अस्वलाचे मागचे पाय
गाजलेल्या बालकादंबरीवरच्या जुन्या सिनेमात अस्वलाच्या सोंगात दोन माणसं होती. मागचे पाय आजोबांचे. चेहरा कुणालाच दिसला नाही, म्हणून आजी जन्मभर चिडवत आली, "हे सिनेमात होते, पण वाकून!" आता त्याच गोष्टीची मालिका आली. अस्वल म्हणे कॉम्प्युटरवर केलेलं! "त्यात कसला आलाय जीव!" म्हणत आजोबा नाक मुरडूनच टीव्हीसमोर बसले. पण अस्वलाने ओलं अंग झटकताच आजोबांचा कप ओठांशी थांबला. "काय काम केलंय पोरांनी!" मग अस्वल पाठ फिरवून निघालं. "आजोबा, ते मागच्या पायाने का लंगडतंय?" नातीने विचारलं. कादंबरीतलं अस्वल लंगडत नव्हतं. जुन्या सिनेमातलं लंगडलं, कारण त्या शॉटला आजोबांच्या बुटातला खिळा टोचत होता. आजीने रिमोट ओढून घेतला. "पुन्हा लावते. ह्यांचा पाय आहे तो."