पहिल्या बोटीची भरपाई

शिरोळच्या महापुरात बचावाची पहिली बोट आली, तेव्हा सिकंदर शेळी घेऊन चढला आणि बायको मेहमुदा छपरावर राहिली. दुसरी बोट तासाभरानं आली. पाच वर्षं ती हे आल्यागेल्याला सांगत होती. भरपाई म्हणून त्यानं तिला कोल्हापूर दाखवायला आणलं. राजवाडा बघितला, अंबाबाईच्या देवळाजवळ बांगड्या घेतल्या, तरी रुसवा गेला नाही. रंकाळ्यावर त्यानं बोटीची तिकिटं काढली. "आज तू आधी बस." "महापुरात सरकारनं फुकट फिरवलंय की," म्हणत ती बसली. बोट डुलताच सिकंदरनं तिचा हात घट्ट पकडला. "पाण्याची भीती वाटती व्हय?" तिनं विचारलं. "ल्हानपणापासनं." "मग त्या दिशी कसं गेलासा?" "डोळं मिटून शेळीला मिठी मारलीती." मेहमुदा इतकी हसली की बोटवाला दचकला. "पावणं, आणि एक चक्कर मारा," ती म्हणाली, "ह्येंचा हात अजून सुटंना."