चिमूटभर मोरचूद

डोळेझाक करण्यात शालिकरामचा नफा तसा किरकोळच होता. रामदासपेठेतल्या त्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत बाकीच्यांना काचपट्ट्यांच्या एका डब्यासाठी तीन-तीन अर्ज करावे लागत. शालिकरामने नुसती मान वर केली की स्टोअरकीपर मनोहरराव स्वतः डबा घेऊन हजर. बदल्यात मनोहरराव अल्कोहोलच्या बाटलीतून अधूनमधून पावशेर काढून नेत. कुठे नेतात, हे शालिकरामने कधी विचारलं नाही. अट मात्र एक घातली होती. "न्या. पण पाणी नका घालू. बाटली कमी दिसली तं मी वापरली म्हणीन."

"माय शप्पथ," मनोहरराव म्हणाले होते.

त्या शपथेच्या भरवशावर शालिकरामने मोरचूद भाजणं सोडून दिलं. नियम असा, की मोरचूद भाजून पांढरा करायचा आणि चिमूटभर अल्कोहोलात टाकायचा. पांढरा राहिला तर अल्कोहोल कोरडं, निळा झाला तर त्यात पाणी. मग रजिस्टरात 'तपासले' लिहून सही करायची. सही तेवढी तो दर सोमवारी न चुकता करत होता.

आज सकाळी त्याने काप काढायच्या यंत्रावर मेणाचा ठोकळा चढवला, तो रुखमाबाईचा. सावनेरची रुखमाबाई म्हणजे त्याची मोठी बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. छातीतल्या गाठीचा तुकडा काढून सर्जनने तपासायला पाठवला होता. शालिकरामने दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू दिला नाही. तुकड्यातलं पाणी अल्कोहोलने ओढून घेतलं, तरच मेण आत शिरतं आणि पातळ काप निघतात. अल्कोहोलच्या सगळ्या बरण्यांतून त्याने तो तुकडा स्वतः नेला, घड्याळ बघून.

यंत्राची मूठ फिरवली. मेणाची फीत छान निघाली, पण प्रत्येक कापाच्या मधोमध भोक. मेण होतं, मांस नव्हतं. ते ओल्या भुशासारखं पात्याखाली गळत होतं. त्याचा हात थांबला तोवर अर्ध्या तुकड्याचा भुगा झाला होता, आणि उरलेला अर्धा आतून मऊ.

शालिकराम उठला. स्पिरिटचा दिवा पेटवून चमच्यात मोरचूद भाजायला लागला.

मनोहरराव दाराशी टेकून कोथिंबिरीची सांबारवडी खात होते. भावाला हवं ते आणून देणारा दोस्त म्हणून बाहेर बाकावर बसलेल्या रुखमाबाईने चार दिवसांत त्यांना तिसऱ्यांदा खाऊ घातली होती. "काय करून राहिला गा?"

शालिकरामने बाटलीतलं अल्कोहोल परीक्षानळीत ओतलं आणि चिमूट टाकली. दोघंही बघत राहिले. पांढरी भुकटी खाली बसली, आणि बसल्या जागी निळी झाली.

"पाणी घातलं तुमी."

"थोडंसंच. तपासणीवाले येणार होते, बाटली लय रिकामी दिसे. म्हटलं, तुह्यावर बालंट नको."

"मी म्हटलं होतं ना, मी सांभाळून घेईन म्हणून."

"आता काय, दोन बाटल्या घेऊन जाय नव्या."

"हा तुकडा आमच्या बाईचा आहे, मनोहरराव."

मनोहररावांनी हातातल्या अर्ध्या वडीकडे पाहिलं. ती खावी की ठेवावी हे त्यांना कळेना. "ते मले काय मालूम," ते म्हणाले. मग धमकी न देता, दुकानातला भाव सांगावा तसं म्हणाले, "रजिस्टरवर सही तं तुहीच आहे."

आतून डॉक्टर सुमतीबाईंनी हाक मारली. "शालिकराम, तुमच्या बहिणीची स्लाइड झाली का?"

खरं सांगितलं तर रजिस्टर उघडणार, आणि सोळा वर्षांची नोकरी त्या सह्यांखाली दबणार. दुसरं सांगायला दोनच शब्द लागत होते. प्रयोगशाळेत ते रोज कुणाच्या ना कुणाच्या नावापुढे लिहिले जात आणि त्यांची शहानिशा कुणी करत नसे.

"नमुना अपुरा, मॅडम," शालिकराम म्हणाला. "तुकडा लहान आला."

"अरेरे. मग पुन्हा काढावा लागेल." त्यांनी कागदावर सही केली. डॉक्टरांचा शालिकरामवर पूर्ण विश्वास होता.

बाहेर बाकावर रुखमाबाई पदर घट्ट धरून बसली होती; टाके अजून ओढत होते. भावाला बघून ती सरकली, त्याला जागा केली.

"काय निंघालं गा?"

"काहीच समजलं नाही, बाई. तुकडा लहान पडला. पुन्हा कापा लागंन."

समोरच्या भिंतीकडे पाहत रुखमाबाईने मनातल्या मनात काहीतरी जुळवून पाहिलं.

"मंग कमी तं माह्याकडूनच पडलं," ती म्हणाली. "त्याईले सांग, आता मोठा काढा म्हणा. मी नाही ओरडत."

मग तिने डबा उघडला. तळाशी दोन सांबारवड्या उरल्या होत्या. तिने डबाच त्याच्या हातात दिला.

"एक तू खाय. एक तुह्या दोस्ताले दे. लय केलं गा त्यानं आपल्यासाठी."