कालव्याकडची भिंत

माजिदा पिशवी भरत होती आणि तिची मुलगी शाझिया दारात उभी राहून बघत होती. शाझियाचा मोठा भाऊ शाहनवाज मालेगावहून निघाला होता. दुपारी तो पोचणार होता आणि अम्मीला परत घेऊन जाणार होता.

"डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस का?" शाझियाने हळू आवाजात विचारलं.

"काय?"

शाझिया जवळ गेली. "परत मागांच्या आवाजात राहिलीस, तर आहे तेवढंही ऐकू येणार नाही."

"बहिरी होईन. पण झोपेन तरी," माजिदा म्हणाली.

मालेगावात खाली यंत्रमाग होते आणि वर घर. माजिदा लग्न होऊन त्या आवाजात आली, दोन्ही मुलं त्या आवाजात वाढली. शाझिया शिकून आर्किटेक्ट झाली, तेव्हापासून तिच्या मनात एकच घर होतं. नाशिकच्या वेशीवर, कालव्याच्या कडेला तिने ते बांधलं. पायाची माती फेकली नाही, तिच्याच विटा पाडल्या. मधला कडुनिंब तोडला नाही, त्याच्याभोवती खोल्या फिरवल्या. एप्रिलमध्येसुद्धा आत पंखा लागत नव्हता. निंबाचा मोहोर सावकाश अंगणात उतरायचा, आणि दुपारच्या उजेडात सगळं घर तळ्याच्या तळाशी असल्यासारखं हिरवट, गार दिसायचं. अम्मीच्या खोलीची कालव्याकडची भिंत तिने सगळ्यांत जाड केली. मध्ये पोकळी ठेवली. खिडकी ठेवली नाही. काम संपल्यावर तिने खोलीत आवाज मोजायचं यंत्र लावलं. आकडा जवळजवळ हललाच नाही. तेव्हा तिला रडू आलं होतं.

या घरात सगळे अनवाणी चालत. दारं अलगद लावत. दबक्या आवाजात बोलत. आणि माजिदा इथं आल्यापासून झोपली नव्हती. काल अंगणात उभ्याउभ्या तिचा तोल गेला. तेव्हा तिने स्वतःच मुलाला फोन केला.

"अम्मी, खोलीत नेमकं काय होतं? खरं सांग."

"घर जन्नत आहे, बेटा." माजिदाने पिशवीची चेन ओढली. "पण तिथं माग खाली चालतात. इथं ते माझ्या डोक्यात चालतात."

शाझिया पलंगावर बसली. तिला हे ठाऊक होतं. कुठेतरी वाचलं होतं, डॉक्टरही सांगताना ओझरतं बोलले होते. आवाजाने थकलेला कान स्वतःच आवाज करायला लागतो, आणि भोवती जितकं शांत, तितका तो जास्त ऐकू येतो. तिने खोली मोजली होती. ज्या कानासाठी खोली बांधली, त्याला विचारलंच नव्हतं.

"आधी का नाही बोललीस?"

"काय बोलू? एवढ्या मायेने बांधलेली तुझी भिंत मला खायला उठते, असं?"

शाझियाने खाजाला फोन केला. ती भिंत त्यानेच बांधली होती. जवळच्याच एका कामावरून तो हातोडा आणि छिन्नी घेऊन आला. शाझियाने खडूने भिंतीवर एक मोठी चौकट आखली. वरची तुळई सोडली, दोन्ही कोपरे सोडले.

"एवढं फोडायचं."

खाजा चौकटीकडे बघत राहिला. "मॅडम, तुम्हीच म्हणाला होता, सुई पडली तरी आत आवाज नको."

"आता कालवा आत यायला हवा."

"पाणी?"

"आवाज, खाजाभाई. पाणी नको."

"मग ठीक," खाजा म्हणाला. "मला वाटलं, आता माझ्याकडून होडी बांधून घेताय."

माजिदा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. धूळ उडेल, बाहेर बस, असं शाझियाने सांगितलं. पण ती हलली नाही. पलंग दूरच्या भिंतीला लावून, पिशवी उशाला घेऊन, तोंडावर ओढणी ओढून ती आडवी झाली. "शाहनवाज आला की उठव," म्हणाली.

खाजाने पहिला घाव घातला. खोली हादरली. शाझियाने डोळे मिटले. स्वतःच्याच घराचं काहीतरी मोडत होतं, आणि तो आवाज तिला लहानपणीसारखा छातीत जाणवत होता. मातीच्या विटा एकेक करून सुटत गेल्या. मग भिंतीत उजेड उगवला. आधी मुठीएवढा, मग ताटाएवढा.

बऱ्याच वेळाने खाजाने हातोडा खाली ठेवला.

आता काय होईल, या भीतीने शाझिया पलंगाकडे वळली. पण खोली गप्प झाली नव्हती. कालव्याला पाणी सोडलेलं होतं, ते काठाला घासत वाहत होतं. कुणीतरी दगडावर कपडे आपटत होतं. दोन बायका एकमेकींच्या सासवांची मापं काढत होत्या. शेळी ओरडली. भंगारवाल्याचा भोंगा लांबून आला आणि लांब गेला. या सगळ्यावर उन्हाची, धुळीची एक सोनेरी चादर तरंगत होती. ओढणीखाली श्वास संथ चालला होता. शाझिया वाकून बघत राहिली. ओढणीचा काठ वर होत होता, खाली होत होता.

दारात शाहनवाज उभा होता. त्याने पडलेल्या विटा पाहिल्या, भिंतीतलं भगदाड पाहिलं, मग आईला पाहिलं. त्याने चपला हातात घेतल्या, चवड्यांवर आत आला आणि बहिणीच्या कानाशी येऊन कुजबुजला, "हे काय करून ठेवलंस?"

"कुजबुजू नकोस," शाझिया म्हणाली. "मोठ्याने बोल. अम्मी झोपलीय."