धाकटीची हाक

शाळेला सुट्टी लागली तशी आई, बाबा आणि दोघी मुली एक दिवस किल्ला बघायला गेले. वरच्या दारूकोठारात हाक मारली की ती परत येते, असं दरवाजावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं होतं.

बाबांनी "कोण आहे रे?" असं दरडावून पाहिलं. कोठाराने तसंच दरडावलं. थोरलीचीही हाक परत आली. मग धाकटीने बेंबीच्या देठापासून "आई!" म्हणून हाक मारली. ती काही परत आली नाही.

"घरात हिचं कुणी ऐकत नाही, आता भिंतीही ऐकेनात!" थोरलीने चिडवलं.

एरवी धाकटीच्या तोंडाचा पट्टा झोपेतही चालायचा, पण गड उतरताना तिने चकार शब्द काढला नाही. बाबांनी गोळी पुढे केली, तिने नुसतीच मान हलवली.

"राहू द्या हो, रुसलीय," आई म्हणाली.

खाली पहारेकऱ्याने विचारलं, "ताई, वर कुणी राहिलं नाही ना?"

"नाही दादा, सगळे आलो."

त्याने दरवाजा ओढून कुलूप घातलं.

आई लेकीसमोर उकिडवी बसली. "पुरे झाला हं रुसवा. देवाने दिलेली वाणी अशी कोंडून ठेवू नये, बाळा. एकदा आई म्हण बघू."

धाकटीचे डोळे भरून आले. तिने तोंड उघडलं, ओठ हलवले.

आणि वरून, बंद दरवाजापलीकडून, हाक आली, "आई!"