खडूच्या रेघा

शिवणाचं दुकान दोघी मैत्रिणींचं. गिऱ्हाइकं त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायची. थोरलीने कापडावर खडूने रेघ आखायची आणि धाकटीने डोळे झाकून त्या रेघेवर टीप मारायची. बावीस वर्षांत रेघेवाचून मशीन कधी चाललं नव्हतं.

थोरली आजारी पडली आणि आठवड्याला बोटभर वाळत चालली. दर गुरुवारी ती दवाखान्यात गेली की धाकटी तिच्या कुर्त्यांना आतून गुपचूप टीप मारून ते घट्ट करायची. रेघेशिवाय, अंदाजाने.

थोरली आरशासमोर उभी राहायची. “बघ, अजून कसा चपखल बसतोय! मेले डॉक्टर उगाच घाबरवतात.”

“नाहीतर काय! तू आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाशील,” असं म्हणून धाकटी सुईत दोरा ओवायला मान खाली घालायची.

थोरली मंगळवारी गेली. गुरुवारी धाकटीने दुकान उघडलं आणि खुंटीवर राहिलेला तिचा कुर्ता उलटा केला. आत दोन्ही बाजूंना खडूच्या सरळ रेघा होत्या, एकीच्या आत एक, बोटबोट अंतरावर. प्रत्येक रेघेपाशी थोरलीच्या अक्षरात एकेका गुरुवारची तारीख होती.

सगळ्यांत बाहेरच्या, पहिल्या रेघेची तारीख आजची होती.