पापण्यांवरचं पिवळं

मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, त्याच वर्षी नलिनीला बघायला पाहुणे आले. बी.एस्सी. झालेल्या आपल्या मुलीनं आज विचारल्याशिवाय तोंड उघडू नये, एवढीच तिच्या आईची इच्छा होती. पण पोहे संपवून मुलाचे वडील, नरहरराव, स्वतःच म्हणाले, "तुलाही काही विचारायचं असेल तर विचार हो."

नलिनी मघापासून त्यांच्याच डोळ्यांकडे बघत होती. "काका, पापण्यांवरचे हे पिवळे चट्टे कधीपासून आहेत?"

आईनं पदर तोंडाला लावला.

"असतील दोन-तीन वर्षं. दुखत नाहीत, खुपत नाहीत."

"चट्ट्यांनी काही होत नाही. पण कधीकधी रक्तात चरबी वाढली की ती अशी पापणीत साठते. एकदा रक्त तपासून घ्या."

मुलाच्या आई, रत्नप्रभाबाई, ताडकन उठल्या. "अहो, आपण मुलगी बघायला आलोय, की तुम्हाला दाखवायला? चला!"

पुढे आठवडाभर आई नलिनीशी बोलली नाही.

पंधरवड्यानं नरहरराव एकटेच दारात उभे राहिले. नकार ऐकायची तयारी करूनच नलिनीच्या वडिलांनी त्यांना खुर्ची दिली.

"तपासलं. चरबी वाढलेलीच निघाली," नरहरराव म्हणाले. "डॉक्टरांनी तूप बंद केलंय, आणि मी काही घरात कुणाचं ऐकत नाही. तेव्हा आमच्या हिनं निरोप दिलाय, मुहूर्त जवळचा काढा. तिला एकटीला मी आवरत नाही."