दुपारचा फोन

वत्सलाबाईंनी फोन फ्रिजवर ठेवून दिला. समोर असला की हात शिवशिवायचा.

रोज दुपारी लेकाला "जेवलास का?" विचारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. गेल्या महिन्यात तोच फोन उचलताना त्याची गाडी दुभाजकावर आदळली. त्याचं खरचटण्यावर निभावलं, गाडीही विम्यातून नव्यासारखी होऊन आली. वत्सलाबाईंची धास्ती मात्र तशीच राहिली.

आज तो पुन्हा गाडी घेऊन निघाला होता. वाढलेल्या ताटासमोर त्या नुसत्याच बसून राहिल्या. तेवढ्यात फ्रिजवरचा फोन वाजला. लेकाचाच!

"गाढवा, गाडी चालवताना फोन करतोस?" त्या कडाडल्या.

"अगं आई, गाडी बाजूला लावलीय. डबा उघडलाय," तो हसला. "तू जेवलीस का?"

फोन खांद्यानं कानाशी दाबत वत्सलाबाईंनी भात कालवायला घेतला.